घर घेण्यापूर्वीं : नळ, मोरी आणि बंब

कोल्हापूरच्या एका भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांचे यजमान लवकरच सेवानिवृत्त होणार आहेत. आयुष्य भाड्याच्या बिऱ्हाडांत काढल्यावर आतां हातीं येणाऱ्या रकमेंतून एक जुनें, राहतें घर विकत घ्यावें, असा त्या उभयतांचा विचार आहे. त्या लिहितात, “घर आम्हां दोघांसहि पसंत आहे. दिवाणखाना प्रशस्त आहे, देवघराला पूर्वेचा उजेड आहे आणि अंबाबाईचें देऊळ पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. कागदपत्रें वकिलांनीं पाहिलीं. आतां विसार द्यावयाचा तेवढा उरला. आणखी कांहीं पाहावयाचें राहिलें आहे काय?”

राहिलें आहे, असें आमचें उत्तर आहे. या पत्रांत दिवाणखान्याचा उल्लेख आहे, देवघराचा आहे, देवळाचाहि आहे. परंतु न्हाणीघर, मोरी, नळ, पाण्याची टाकी आणि पाणी तापविण्याची व्यवस्था यांविषयीं एक अक्षरहि नाहीं. हा दोष या भगिनीचा एकटीचा नव्हे. घर पाहावयास जातांना आपण सारेच पाहुण्याच्या नजरेनें जातों, आणि पाहुणा जेथवर जातो तेथवरच आपली नजर पोहोंचते. घरांत राहणाऱ्या माणसाचा दिवस मात्र पहांटे मोरीपाशीं सुरू होतो आणि रात्रीं भांड्यांच्या मोरीपाशीं संपतो. भिंतीचा रंग न आवडला तर तो चार दिवसांत बदलतां येतो; भिंतींत गाडलेला गळका पाइप बदलावयाचा तर भिंतच फोडावी लागते, आणि खर्च किती होईल हें फोडल्यावांचून कळत नाहीं.

येथें कायद्याची एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वयें, उलट करार झालेला नसेल तर, विकणारानें मालमत्तेंतील महत्त्वाचा दोष घेणारास सांगितला पाहिजे. मात्र तो दोष कसा असावा? तो विकणारास ठाऊक असावा, घेणारास ठाऊक नसावा, आणि सामान्य काळजी घेऊनहि घेणारास कळण्यासारखा नसावा. यांतील शेवटची अट वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावी. नळ सोडून पाहिला असता तर जें दिसलें असतें, तें न पाहिल्याचा दोष पुढें आपल्याच माथीं येतो. तेव्हां विसार देण्यापूर्वीं एक सकाळ या कामासाठीं मोकळी ठेवावी. बरोबर १५ लिटरची बादली, घड्याळ, विजेरी, दोन पांढऱ्या वाट्या, एक लांब कोरडी काठी, खडूचा तुकडा आणि कपड्यांना घालावयाची नीळ एवढें साहित्य न्यावें. यजमान हंसले तर हंसूं द्यावेत.

पाणी कोठून येतें?

कोल्हापूरच्या पाण्याची कथा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांत कळंब्याचा तलाव झाला व तेथून शहराला पाणी मिळूं लागलें. मंगळवार पेठेंत ‘पाण्याचा खजिना’ या नांवानें ओळखलें जाणारें ठिकाण आजहि आहे. पुढें भोगावती-पंचगंगेचें पाणी बालिंगा व शिंगणापूर येथून उपसून पुरविलें जाऊं लागलें. आणि अनेक वर्षांच्या मागणीनंतर काळम्मावाडीच्या धरणापासून सुमारें ५३ किलोमीटर लांबीची थेट जलवाहिनी पूर्ण होऊन २०२३ च्या दिवाळींत तें पाणी शहरांत पोहोंचलें.

इतक्या दूरचें पाणी गांवांत आलें तरी घर घेणारास महत्त्वाचे असतात ते शेवटचे शंभर फूट. रस्त्यावरील मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतचा पाइप कोठून येतो, तें स्वतः चालत जाऊन पाहावें. जुन्या पेठांतील अरुंद बोळांत हा पाइप पुष्कळदां उघड्या गटारांतून किंवा गटाराला लागून गेलेला आढळतो. नळाला पाणी असतें तोंवर पाइपांत दाब असतो. पाणी गेलें कीं पाइप रिकामा होतो, आणि त्यास भोंक किंवा सैल सांधा असल्यास भोंवतालचें घाण पाणी आंत ओढलें जातें. दुसऱ्या दिवशीं पहिल्या धारेबरोबर तेंच आपल्या हंड्यांत पडतें. शेजारच्या इचलकरंजींत २०१२ सालीं काविळीची जी मोठी सांथ आली, तिचें मूळ दूषित पाण्यांतच होतें, हें पुष्कळांस आठवत असेल.

म्हणून घर पाहावयास पाणी येण्याच्या वेळींच जावें. नळ सोडतांच येणारें पहिलें पाणी पांढऱ्या वाटींत धरावें. त्यास वास आहे काय, रंग आहे काय, तळाशीं गाळ बसतो काय, तें पाहावें. पांच मिनिटांनीं दुसरी वाटी भरून दोन्ही शेजारीं ठेवाव्या. पहिली गढूळ व दुसरी स्वच्छ असेल तर बाहेरच्या पाइपाची चौकशी केल्यावांचून पुढें जाऊं नये.

त्याच वेळीं चार प्रश्न विचारावे. पाणी किती वेळ येतें? तें आपल्या दाबानें गच्चीवरील टाकींत चढतें, कीं जमिनींतील टाकींत घेऊन मोटरनें चढवावें लागतें? जोडणी विकणाराच्या नांवावर आहे काय? पाणीपट्टी व घरफाळा यांच्या पावत्या चालू सालापर्यंतच्या आहेत काय? याच प्रश्नांचीं उत्तरें शेजारच्या घरीं जाऊनहि घ्यावीं. शेजारणीला घर विकावयाचें नसतें. त्यामुळें तिचें उत्तर बहुधा अधिक मोकळें असतें.

घराला बोअरचें पाणी असेल तर तें बहुधा जड असतें, हें जाणून असावें. नळाच्या तोंडाशीं व फवाऱ्याच्या छिद्रांत पांढरी पुटें बसलेलीं असतील, साबणाला फेंस येत नसेल, तर तेंच पाणी गीझरच्या पोटांतहि पुटें चढवीत आहे असें समजावें.

टाकी, नळ आणि पाइप

गच्चीवर चढून टाकी पाहिल्यावांचून घर पाहिलें असें म्हणूं नये. टाकीचें झांकण घट्ट बसतें काय, आंत गाळ किती आहे, वाहून जाण्याच्या पाइपास जाळी आहे काय, आणि टाकीखालील भाग सदा ओला तर नाहीं, हें पाहावें. घर स्वतंत्र असेल आणि यजमानांची संमति मिळेल तर एक साधी परीक्षा करावी. सायंकाळीं टाकी भरून तींत येणारें पाणी बंद करावें, सर्व नळ मिटावे, कोरडी काठी टाकीच्या तळापर्यंत उभी घालावी, आणि ती जेथवर ओली झाली तेथें खडूनें खूण करावी. सकाळीं कोणीं नळ सोडण्यापूर्वीं काठी पुन्हां घालावी. पातळी उतरली असेल तर पाणी कोठें तरी वाहत आहे. गळती लहान दिसली तरी तिचा हिशेब लहान नसतो: मिनिटाला २५ मिलिलिटर पाणी गळलें तर दिवसाला ३६ लिटर होतें, आणि तें सारें कोणत्या तरी भिंतींत मुरत असतें. अनेक बिऱ्हाडांची सामाईक टाकी असेल तेथें ही परीक्षा होत नाहीं. तेथें फ्लॅटला स्वतंत्र मीटर असल्यास सर्व नळ मिटून तासभर त्याचा कांटा पाहावा.

शौचकूपाच्या पाण्याच्या टांकींत चिमूटभर नीळ टाकावी व अर्धा तास साखळी ओढूं नये. खालच्या भांड्यांत निळें पाणी उतरलें तर आंतील झडप गळते. हा दोष थोड्या पैशांत दूर होतो. पण आधींच्या मंडळींची घराकडे पाहण्याची वृत्ति त्यावरून कळते.

आतां बादली न्हाणीघरांतील नळाखालीं ठेवून नळ पुरा सोडावा. १५ लिटरची बादली दोन मिनिटांत भरली म्हणजे मिनिटास साडेसात लिटर पाणी येतें, आणि तें संसाराला पुरेसें आहे. चार-पांच मिनिटें लागलीं तर कारण शोधावें. सर्वच नळांची धार बारीक असेल तर टाकी पुरेशी उंच नाहीं, किंवा टाकींतून उतरणारा मुख्य पाइप आंतून भरत आला आहे. उंचीचा हिशेब सोपा आहे: दर दहा मीटर उंचीस सुमारें एक किलो दाब मिळतो. टाकी फवाऱ्याच्या वर दोनच मीटर असेल तर दाबहि त्याच्या पांचव्या हिश्श्याइतकाच राहणार. तेथें महागडा फवारा बसवूनहि उपयोग नाहीं. एकाच नळाची धार बारीक असेल तर दोष त्या फांट्यापुरता असतो. शेवटीं न्हाणीघराचा नळ चालू ठेवून स्वयंपाकघरांतील नळ सोडावा. पहिली धार एकदम करंगळीएवढी झाली तर दोन माणसांच्या घरींहि सकाळीं भांडण होईल.

जुन्या घरांतून लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेले पाइप असतात. वर्षानुवर्षें गंज चढून त्यांची आंतील पोकळी अरुंद होत जाते, आणि रात्रभर थांबलेलें पाणी सकाळीं प्रथम तांबूस येतें. घर विकण्यापूर्वीं कांहीं लोक बाहेरून दिसणारे पाइप नवे करतात आणि भिंतींतील तसेच ठेवतात. म्हणून “पाइप नवे आहेत” या उत्तरावर समाधान न मानतां “भिंतींतले कोणत्या सालीं बदलले?” असें विचारावें. गीझरपासून निघणारा गरम पाण्याचा पाइप विशेष पाहावा. गरम पाण्याकरितां मलईच्या रंगाचा सी.पी.व्ही.सी. पाइप किंवा धातूचा पाइप हवा. साधा पी.व्ही.सी. पाइप उष्णतेनें मऊ पडून सांध्याशीं सैल होतो.

सांडपाणी आणि ओल

पाणी येतें कसें हें पाहिल्यावर तें जातें कसें हेंहि पाहिलें पाहिजे. हात धुण्याचें भांडें कांठोकांठ भरून एकदम मोकळें करावें व मोरीच्या जाळीकडे पाहावें. पाणी झरझर उतरावें. तें रेंगाळत असेल, किंवा शेजारच्या मोरींतून गुडगुड आवाज येत असेल, तर पाइप तुंबत आलेला आहे किंवा त्यास हवा मिळत नाहीं. मोरीच्या जाळीखालीं प्लंबर ज्यास न्हाणी ट्रॅप म्हणतात तो असतो. त्यांत राहिलेलें थोडें पाणीच गटाराची दुर्गंधि अडवून धरतें. घर पुष्कळ दिवस बंद असेल तर हें पाणी आटतें व घरांत घाण येते. अशा वेळीं बादलीभर पाणी ओतून तासाभरानें पुन्हां यावें. वास गेला असेल तर चिंता नाहीं. राहिला असेल तर दोष खोल आहे. मग घराबाहेरील चेंबरचें झांकण उघडावयास सांगून वरून कोणाकडून तरी पाणी ओतवावें. पाणी न थांबतां वाहून गेलें पाहिजे. पाचगांव, उचगांव अशा बाजूस, जेथें घराला शहराच्या गटाराची जोडणी नसेल, तेथें मैलाटाकी कोठें आहे, ती शेवटीं केव्हां उपसली, आणि बोअर किंवा आड तिच्यापासून किती दूर आहे, हें विचारावें.

ओल ओळखण्यास हाताची उलटी बाजू भिंतीवर टेकावी. कोरड्या भिंतीपेक्षां ओली भिंत थंड लागते. लोणा लागलेली वीट, फुगलेले पोपडे, न्हाणीघराच्या चौकटीचें कुजलेलें तळ हीं तर डोळ्यांना दिसतातच. परंतु सबंध खोलींत एकाच जागीं ताजा रंग दिलेला असेल तर त्या जागेकडे अधिक लक्ष द्यावें. ओल तीन प्रकारची असते व प्रत्येकीचा काळ निराळा असतो. पावसाची ओल मृगापासून वाढते व दिवाळीनंतर उतरते. ती बहुधा पश्चिमेच्या भिंतीवर किंवा गच्चीखालीं असते. जमिनींतून चढणारी ओल भिंतीच्या तळाशीं दोन-तीन फुटांपर्यंत राहते. नळाची ओल मात्र बारा महिने असते आणि न्हाणीघराच्या पाठीमागें किंवा खालीं दिसते. फ्लॅट असेल तर वरच्या बिऱ्हाडाची गळती आपल्या छतांत उतरते. न्हाणीघराला खोटें छत असल्यास त्याची एक फळी काढून विजेरीनें आंत पाहावें. शक्य तर घर दोनदां पाहावें, त्यांतील एक वेळ श्रावणांतील. कोल्हापूरच्या पावसांत जें घर कोरडें राहिलें त्याला दुसरें प्रमाणपत्र नको.

पावसाच्या ओघानें पुराचा विचार येतोच. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ या दोन्ही सालीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें होतें. घर नदीच्या किंवा जयंती नाल्याच्या बाजूस असेल तर त्या दोन्ही सालीं पाणी गल्लींत कोठवर आलें होतें तें शेजाऱ्यांकडून भिंतीवर बोट ठेवून दाखवून घ्यावें. पाणी दारांतून येण्यापूर्वींच मोरींतून व शौचकूपांतून उलटें वर येतें, हें ज्यांनीं अनुभवलें त्यांस सांगावयास नको. अशा घराच्या सांडपाण्याच्या पाइपास उलटें पाणी अडविणारी झडप आहे काय, आणि मोटर व विजेचीं बटणें पुराच्या खुणेहून उंच आहेत काय, हें पाहावें. त्या दोन्ही पुरांत उपसा केंद्रेंच पाण्याखालीं गेल्यामुळें नळहि बंद पडले होते. तेव्हां घरांत साठवणीची टाकी केवढी आहे, हाहि प्रश्न तेथें गौण नाहीं.

बंब, गीझर आणि एक प्रसंग

येथवर सांगितलेल्या सर्व दोषांची किंमत पैशांत मोजतां येते. आतां ज्याविषयीं सांगावयाचें तो दोष तसा नाहीं.

पूर्वीं आपल्या घरीं तांब्याचा बंब असे. त्यांत पाणी भरल्यावांचून विस्तव घालूं नये, नाहीं तर झाळ सुटून बंब गळूं लागेल, ही शिकवण घरांतील मुलांनाहि असे. बंब बहुधा परसांत किंवा मागल्या पडवींत, उघड्यावर असे. राख व धूर घरांत नको म्हणून ही सोय केलेली असेल; पण तिच्यामुळें एक मोठा धोका आपोआप टळत होता, हें आज कळतें. फ्लॅटमध्यें परसहि गेलें आणि पडवीहि गेली. पाणी तापविण्याचा विस्तव त्यामुळें कित्येक ठिकाणीं थेट न्हाणीघरांत आला.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका स्नेह्यांनीं एका उपनगरांत राहतें घर विकत घेतलें. विकणारे गृहस्थ सज्जन होते. किल्ल्या देतांना ते म्हणाले, “गॅसचा गीझर न्हाणीघरांतच बसविलेला आहे. काढून नेत नाहीं. तुम्हांला उपयोगी पडेल.” स्नेह्यांना ती भेटच वाटली. न्हाणीघराचा वरचा झरोका पूर्वींच्या मंडळींनीं डांस येतात म्हणून कांच लावून कायमचा बंद केला होता. तिकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं. पौषांतल्या एका सकाळीं त्यांची सून न्हावयास गेली. सासूबाई स्वयंपाकघरांत होत्या. नळाची धार अखंड पडत आहे, पण तांब्याचा आवाज येत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें. “अगं, झालं का?” म्हणून त्यांनीं दोनदां हांक मारली. उत्तर आलें नाहीं. त्यांनीं तत्काळ मुलाला बोलावून कडी तोडावयास लावली. सून भिंतीला टेकून निपचित बसली होती. तिला उघड्या गच्चीवर आणलें, लगोलग दवाखान्यांत नेऊन प्राणवायु दिला, आणि ती वांचली. सासूबाईंचें लक्ष दुसरीकडे असतें तर काय झालें असतें, हा विचार त्या घरांत आजहि कोणी बोलून दाखवीत नाहीं.

याचें कारण असें: गॅस जळावयास हवेंतील प्राणवायु लागतो. बंद, लहान खोलींत तो कमी पडला कीं गॅस अपुरा जळतो व कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु तयार होतो. हा वायु रक्तांतील तांबड्या द्रव्याला प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक जोरानें चिकटतो, आणि शरीराला प्राणवायु मिळेनासा होतो. स्वयंपाकाचा गॅस गळला तर त्यांत मुद्दाम मिसळलेल्या वासामुळें आपण सावध होतों. या वायूला मात्र रंग नाहीं आणि वासहि नाहीं. डोकें जड होतें, मळमळतें, भोंवळ येते. आणि दार उघडावें असें मनांत येईपर्यंत हातापायांतील शक्ति गेलेली असते. असा प्रसंग कोणावर आलाच तर प्रथम गॅस बंद करून माणसाला मोकळ्या हवेंत आणावें व विनाविलंब दवाखान्यांत न्यावें.

म्हणून घर पाहतांना गॅसचा गीझर कोठें बसविला आहे हें सर्वांत आधीं पाहावें. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागीं असला पाहिजे, आणि त्याचा जळका वायु बाहेर गेला पाहिजे. न्हाणीघरांत बसविलेला गीझर कोणी फुकट देऊं केला तरी घेऊं नये; ताबा घेण्यापूर्वीं तो काढून नेण्यास सांगावें. लाकडाच्या किंवा कोळशाच्या बंबालाहि बंद न्हाणीघरांत हाच नियम लागू आहे. आणि पाणी कशानेंहि तापत असो, झरोका बुजविलेला असेल तर तो प्रथम उघडावा.

विजेच्या गीझरची परीक्षा निराळी. गरम व गार पाणी दोन पांढऱ्या वाट्यांत धरावें. दोन्ही तांबूस असतील तर दोष पाइपांत आहे; गरमच तेवढें तांबूस असेल तर गीझरची टाकी आंतून गंजली आहे व तो लवकरच बदलावा लागेल. तापतांना आंतून खडखड किंवा कढल्यासारखा मोठा आवाज येत असेल तर क्षारांचीं पुटें बसलीं आहेत. त्यांच्याखालीं तापणारी कांडी अधिक तापून अकालीं जळते. दोन किलोवॅटच्या गीझरला १५ लिटर पाणी २५ अंशांनीं तापविण्यास सुमारें तेरा-चौदा मिनिटें लागावीं. घड्याळ लावून पाहावें. जादा दाब सोडणारी झडप आहे काय, अर्थिंग आहे काय, आणि विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारें बटण घराच्या मुख्य पेटींत आहे काय, हें वायरमनकडून पाहून घ्यावें. ओल्या हाताला नळापाशीं चिमटा बसल्यासारखें वाटत असेल तर त्या घरांतील नळाला पुन्हां हात लावूं नये.

सौर बंब असल्यास तो पहांटे पाहावा, कारण दुपारीं तर नुसती टाकीहि तापते. रात्रभर उष्णता राहिली असेल तर त्याचें आवरण ठीक आहे. फुटक्या कांचेच्या नळ्या, सांध्याशीं गळती आणि जड पाण्याचीं पुटें हीं पाहावींच. आणि कोल्हापुरांत पावसाळ्याचे महिने ऊन बेताचें असल्यामुळें जोडीला विजेची व्यवस्था आहे काय, हेंहि विचारावें.

दोष सांपडल्यावर

दोष सांपडला म्हणजे घर सोडावें, असें आमचें म्हणणें नाहीं. दोष नसलेलें जुनें घर आम्हीं तरी पाहिलेलें नाहीं. प्लंबरला एकदां घर दाखवून दुरुस्तीचा अंदाज कागदावर घ्यावा, तो यजमानांपुढें ठेवावा, आणि एक तर किंमत तितकी उतरवावी किंवा दुरुस्ती त्यांजकडून करून घ्यावी. जें ठरेल तें संचकारपत्रांत लिहावें. तोंडच्या शब्दावर स्नेह तुटतात. नवा फ्लॅट बांधणाराकडूनच घ्यावयाचा असेल तर २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या १४ व्या कलमाचा आधार आहे: ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांत बांधकामांतील किंवा कामाच्या दर्जांतील दोष लेखी कळविल्यास बांधणारानें तो तीस दिवसांच्या आंत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. म्हणून ताब्याची तारीख व गळतीचीं छायाचित्रें जपून ठेवावीं.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमचें सांगणें इतकेंच कीं, घर पसंत असेल तर अवश्य घ्या. पण आयुष्याची पुंजी कोणाच्या हातीं देण्यापूर्वीं एक सकाळ तिच्या रक्षणाला द्या. आणि यजमानांना दिवाणखाना पाहूं द्यावा. मोरी तुम्हीं स्वतः पाहावी, कारण घरांत पाणी कमी पडलें तर त्याची झळ प्रथम कोणाला लागते, हें तुम्हांस आम्हीं सांगावयास नको. नव्या घरांत पहिलें पाऊल टाकतांना आपण पाण्यानें भरलेला कलश घेऊन जातों. तो कलश ज्या नळाखालीं भरावयाचा, तो नळ अगोदर एकदां सोडून पाहावा.